भाड्याचे गाणे, घरचे कुलूप

गेल्या वर्षी नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या आंबिवलीच्या घरात एक लहानसा प्रसंग घडला. पाणी तापले होते, उटण्याची वाटी पाटाशेजारी ठेवलेली होती, आणि खाली कोणाच्या तरी पोराने पहिला फटाका वाजवून साऱ्या इमारतीला जाग आणली होती. या वेळी एक ठरावीक अभंग लावावयाचा, ही आमच्या घरची जुनी रीत. वडील होते तेव्हा तो कॅसेटवर लागे. पुढे सीडीवर लागू लागला. आणि गेली पाचसहा वर्षे फोनवर. सूनबाईने फोनला आज्ञा केली. फोन क्षणभर थांबला आणि इंग्रजीत उत्तरला की, हे गाणे सध्या उपलब्ध नाही. वर मखलाशी अशी की, याच धर्तीचे दुसरे काही ऐकवू काय?

याच धर्तीचे दुसरे काही! देव्हाऱ्यातली मूर्ती नाहीशी व्हावी आणि पुजाऱ्याने सांगावे की, त्याच उंचीची दुसरी आणून ठेवतो. त्यातलाच हा प्रकार. महिन्याची वर्गणी आम्ही वेळच्या वेळी भरली होती. आमच्याकडून काही चुकले नव्हते. तरी गाणे गेले, आणि ते गेल्याचे आम्हांला कळविण्याचे कष्टही कोणी घेतले नव्हते.

वाचकहो, या लेखाचा उगम त्या पहाटेच्या रागात आहे, हे प्रथमच सांगून टाकतो. वर्षभरात राग निवला. मत मात्र पक्के झाले. ते मत असे: जे गाणे आपल्याला जन्मभर हवे आहे ते भाड्याने घेऊ नये. ते आपल्या घरात, आपल्या मालकीच्या यंत्रावर ठेवावे. तिथून ते खुशाल लोकलमध्ये ऐकावे, परगावी ऐकावे, परदेशी ऐकावे. पण घराच्या दाराला भक्कम कुलूप घालून ऐकावे. या विधानाच्या पूर्वार्धाने वर्गणीवाले रागावतील आणि उत्तरार्धाने ‘संगीत सर्वांचे’ म्हणणारे उदार लोक रागावतील. मला दोघांशीही भांडावयाचे आहे.

प्रथम वर्गणीवाल्यांशी. त्यांचे म्हणणे सोपे आहे. महिन्याला शंभर-सव्वाशे रुपयांत कोट्यवधी गाणी मिळत असताना घरात यंत्र बसविण्याचा खटाटोप कशाला? त्यांना मी एवढेच म्हणेन की, आमच्या गावी येऊन जा. कल्याण सोडले की शहाड, आणि शहाडनंतर आंबिवली. इथून मोहन्यापर्यंतचे जीवन कित्येक दशके नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एनआरसीच्या, कारखान्याभोवती फिरत होते. कारखान्याची वसाहत होती, क्वार्टरे होती. त्या खोल्यांत मुले वाढली, मुलींची लग्ने ठरली, म्हाताऱ्यांनी डोळे मिटले. २००९ साली कारखाना बंद पडला. ज्या भिंतींना आपण दर दिवाळीला रंग दिला त्या भिंती आपल्या नव्हत्या, हे तेव्हा कळून आले. क्वार्टर वाईट होते असे कोणीच म्हणणार नाही. ते आपले नव्हते, एवढेच त्याचे वैगुण्य. आणि कंपनी चालू असेतो ते ध्यानात येत नाही.

वर्गणीचे गाणे हे असेच कंपनीचे क्वार्टर आहे. आपण त्यात यादी मांडतो, ‘आवडती’ म्हणून खुणा करतो, मुलांना अंगाईपासून ओळख करून देतो. आणि किल्ली मात्र दुसऱ्याच्या कमरेला असते. हा नुसता तर्क नव्हे. घडलेल्या गोष्टीच सांगतो. फ्लिपकार्टने २०१२ साली ‘फ्लाइट’ नावाचे गाण्यांचे दुकान काढले आणि २०१३ साली ते मिटले. गूगलने आपली ‘प्ले म्युझिक’ ही सेवा २०२० साली बंद केली. त्या सेवेवर लोकांनी स्वतःची हजारो गाणी चढवून ठेवली होती. ‘रेसो’ने जानेवारी २०२४ अखेर भारतातून गाशा गुंडाळला, आणि त्याच वर्षी एअरटेलचे ‘विंक’ही आटोपले. मार्च २०२३ मध्ये स्पॉटिफाय आणि झी म्युझिक यांचा करार जुळेना, तेव्हा झीची गाणी त्या सेवेवरून दिसेनाशी झाली. ऐकणाऱ्यांचे मत कोणी विचारले नाही. आणि ‘मायस्पेस’ने तर २०१९ साली कबूल केले की, यंत्रे बदलताना जवळजवळ बारा वर्षांत लोकांनी ठेवावयास दिलेले संगीत हरवले आहे. हरवले! तिकीट हरवते, छत्री हरवते. इथे बारा वर्षांचे गाणे हरवले आणि कंपनीने दिलगिरी व्यक्त केली.

या यादीतली ‘फ्लाइट’ची गोष्ट मात्र जरा निराळी आणि बोधप्रद आहे. तिथे गाणे विकत मिळे आणि फाइल आपल्या संगणकावर उतरवून घेता येई. ज्यांनी ती उतरवून घेतली त्यांची गाणी दुकान मिटल्यावरही शिल्लक राहिली. दुकान मेले, माल जगला. माझे सगळे म्हणणे या चार शब्दांत आहे.

पूर्वी असे नव्हते काय, असे कोणी विचारील. होते. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर गायली तेव्हापासून गाणे ही विकत घेण्याची वस्तू झाली खरी. पण तबकडी आणि तिचे यंत्र सामान्य घराला परवडणारे नव्हते. सामान्य माणसाचे गाणे नभोवाणीवर असे, आणि नभोवाणी ज्याच्या हाती त्याची मर्जी चाले. १९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले. संगीताचे ते भोक्ते, पण चित्रपटगीतांचा त्यांना तिटकारा. आकाशवाणीवरून ती गीते हद्दपार झाल्यासारखीच झाली. मग देशभरच्या लोकांनी काटा फिरवून सिलोन लावले. शेवटी १९५७ साली विविध भारती काढावी लागली. मंत्र्यांची चूक झाली असेल, पण निर्णय कोणाचा हे सर्वांना ठाऊक होते, त्याच्यावर वर्तमानपत्रांतून टीका करता येत होती, आणि श्रोत्याच्या हातात निदान काटा होता. आज गाणे कोणी काढले हे कळत नाही, का काढले हे कळत नाही, आणि दाद मागावी तर उत्तर यंत्र देते.

त्याच काळात पुणे आकाशवाणीवर गदिमा आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ झाले. १९५५ च्या रामनवमीपासून आठवड्याला एक, अशी छप्पन्न गीते. ज्याच्याकडे रेडिओ त्याच्या घरी वाडा लोटे. गीत चुकले तर चुकले. ते पुन्हा लागेल तेव्हा ऐकावयाचे. त्या पिढीला विचारा, गाणे आपल्या हाती नसणे म्हणजे काय. म्हणूनच पुढे कॅसेट आली तेव्हा ती घराघरांत शिरली. कॅसेट आपली. ती पुन्हा लावा, शेजाऱ्याला द्या, तिच्यावर आजीचा आवाज भरून घ्या. कोणाची परवानगी नको. शंभर वर्षांत श्रोता नभोवाणीकडून तबकडीकडे, तबकडीकडून कॅसेटकडे, कॅसेटकडून सीडीकडे असा एकेक पायरी चढत मालक झाला. आणि सोयीच्या मोहाने गेल्या दहा वर्षांत तो जिना उतरून पुन्हा भाडेकरू झाला.

परंतु याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. कोट्यवधी गाणी म्हणता. त्यांत आपली किती? आमच्या घरी पत्र्याच्या एका पेटीत एकतीस कॅसेटी आहेत. एकीवर आमच्या भागातल्या भजनी मंडळाचे एका गणेशोत्सवातले भजन आहे. त्यात गाणारे बहुतेक पहिली पाळी संपवून आलेले कामगार; पखवाज वाजविणारा तर कारखान्याच्या कपड्यांतच बसला होता. त्या नऊ जणांपैकी आज दोघे आहेत. दुसऱ्या एका कॅसेटीवर माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते. मधेच थांबून ‘हे यंत्र चालू आहे का रे?’ असे विचारते. जगातल्या कुठल्या सेवेवर हे मिळणार आहे?

माझ्या पुतण्याने ते भजन एका मोठ्या संकेतस्थळावर चढविले. दुसऱ्याच दिवशी सूचना आली की, ही चाल अमुक कंपनीच्या मालकीची दिसते. सूचना पाठविणारे यंत्रच होते. त्याला पखवाज आणि पाळी यांच्याशी काय कर्तव्य? आम्ही निमूटपणे भजन उतरविले. ज्या घराचे मालक आपण नाही तिथे आपल्या बापाचा आवाजसुद्धा परका ठरू शकतो, एवढे मात्र त्या दिवशी समजले.

आणि हे केवळ आमच्या पेटीपुरते नाही. आपल्या संगीताचा जुना ठेवा जो काही उरला आहे तो पुष्कळसा खाजगी संग्राहकांनी जपला म्हणून उरला आहे. मुंबईत १९९० साली ध्वनिमुद्रिका-संग्राहकांनी आपली एक संस्था काढली, ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’. चोरबाजारातून, मोडकळीला आलेल्या वाड्यांतून, भंगारवाल्याच्या पोत्यातून या मंडळींनी लाखेच्या तबकड्या उचलल्या. बाजाराला ज्याचा उपयोग उरला नाही ते घराने सांभाळले. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, आणि सूर्याच्या साम्राज्याबाहेर पडूनही ती तबकडी त्या यानावर आहे. त्या यानाला दरमहा वर्गणी भरावी लागत नाही.

आता करावयाचे काय, ते सांगतो. कारण नुसता राग करून घरात गाणे लागत नाही. सर्व्हर हा शब्द ऐकून घाबरण्याचे कारण नाही. सर्व्हर म्हणजे वाढपी. पंगतीत वाढपी जसा मागेल त्याला मागेल ते वाढतो, तसे हे यंत्र मागणाऱ्या फोनला गाणे वाढते. आमच्याकडचे यंत्र तळहाताएवढे आहे. त्याला जोडलेल्या चकतीसकट ते सहा वॅट वीज घेते. दिवसरात्र चालले तरी वर्षाकाठी त्रेपन्न युनिटांच्या आत. त्यावर नॅव्हिड्रोम नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम चालतो. जेलीफिन नावाचा दुसराही आहे, तो चित्रपटही दाखवितो. कॅसेट साध्या टेपवरून संगणकात भरावयाची. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीला नव्वद मिनिटे लागतात, त्यात पळवाट नाही. ती फ्लॅक या पद्धतीने ठेवावी. या पद्धतीत आवाजाचा कणही न गमावता जागा निम्म्याच्या आसपास वाचते. असे केल्यास एका टेराबाइटच्या चकतीवर दीडदोन हजार कॅसेटी मावतात. कोणत्या घरात इतक्या आहेत? आणि लोकलमध्ये ऐकावयाचे असेल तेव्हा यंत्र त्याच गाण्याची हलकी प्रत तयार करून पाठविते. आंबिवलीहून बोरीबंदरापर्यंतचा दीड तास गाणे ऐकले तरी नव्वद मेगाबाइटही खर्च होत नाहीत.

इथवर सगळे गोड आहे. कडू भाग पुढे आहे, आणि तो सांगितल्यावाचून कोणी हे यंत्र घेण्याचा सल्ला दिला तर तो माणूस तुमचा हितचिंतक नव्हे.

पहिल्या आठवड्यात मी स्वतःच मूर्खपणा केला. आपल्याकडच्या पुष्कळ इंटरनेट कंपन्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. चाळीचा पत्ता एक आणि खोल्या शंभर असल्या म्हणजे बाहेरून आलेले पत्र आपल्या खोलीवर पोचत नाही, तसे बाहेरून आलेला फोन घरच्या यंत्रापर्यंत पोचत नाही. म्हणून मी वेगळे पैसे भरून स्वतंत्र पत्ता घेतला, राउटरचे दार उघडले, आणि पासवर्ड ठेवला गावाचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन. सकाळी यंत्राची नोंदवही उघडून पाहिली तो छाती दडपली. एका रात्रीत जगभरातून काही हजार वेळा कोणी ना कोणी दार ढकलून पाहिले होते. ‘अ‍ॅडमिन’ म्हणून हाक मारली होती, ‘रूट’ म्हणून मारली होती. माझ्या आजीच्या ओव्या ऐकण्यासाठी खचितच नव्हे! ती माणसे नव्हतीच. दारोदार कड्या हलवीत हिंडणारी यंत्रे होती. माझे दार उघडले नाही हे माझे नशीब, शहाणपण नव्हे.

ज्यांना ही भीती बागुलबोवा वाटते त्यांनी तीन गोष्टी ऐकाव्यात. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रॅमने घरोघरचे कॅमेरे आणि राउटर काबीज केले. त्यासाठी त्याला कारखान्यातून येतात तसेच राहिलेले साठएक पासवर्ड पुरले. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ने क्यूनॅप कंपनीची घरगुती साठवणयंत्रे गाठली, आतल्या फायलींना आपले कुलूप घातले आणि प्रत्येक मालकाकडे ०.०३ बिटकॉइनची खंडणी मागितली. जी यंत्रे इंटरनेटवर उघडी टाकलेली होती तीच सापडली. तिसरी गोष्ट तर आपल्याच विषयाची आहे. २०२२ साली लास्टपास या, लोकांचे पासवर्ड सांभाळणाऱ्या, अमेरिकन कंपनीवर दरोडा पडला. चोर शिरले ते तिच्या एका अभियंत्याच्या घरच्या संगणकातून. त्यावर घरची गाणी आणि चित्रपट वाजविणारा ‘प्लेक्स’ हा प्रोग्रॅम होता. चोरांनी वापरलेले भोक बुजविणारी आवृत्ती २०२० सालीच निघाली होती. ती बसवायची राहून गेली होती. घरच्या वाजंत्र्याच्या फटीतून लक्षावधी लोकांच्या तिजोऱ्यांपर्यंत वाट गेली!

म्हणून कुलूप. ते अवघड नाही. राउटरचे दार मी त्याच दिवशी लावून टाकले आणि वायरगार्ड नावाची व्यवस्था बसविली. तिच्यात घरच्या प्रत्येक फोनला स्वतःची किल्ली असते. किल्ली असलेला फोन आला तर त्याच्यापुरता बंद बोगदा उघडतो; किल्ली नसलेल्याने कितीही हाका मारल्या तरी आतून ओ येत नाही, आत घर आहे की नाही हेही त्याला कळत नाही. लोकलच्या गर्दीत फोन मारला गेला तर तेवढी एक किल्ली रद्द करावयाची. बाकीच्यांचे गाणे चालू राहते. ही व्यवस्था २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे आणि तिला पैसा पडत नाही. ज्यांना स्वतंत्र पत्ता मिळत नाही त्यांच्या यंत्राने घरातूनच बाहेर बोगदा काढण्याची सोयही आता आहे.

याखेरीज चार पथ्ये. कारखान्याचा पासवर्ड पहिल्या दिवशी बदलावा. घरातल्या प्रत्येकाचे खाते वेगळे असावे आणि नातवंडांच्या खात्याला काही पुसून टाकण्याचा अधिकार नसावा. वाजविणाऱ्या प्रोग्रॅमला गाणी फक्त वाचता यावीत, बदलता येऊ नयेत. आणि महिन्यातून एक दिवस, संकष्टीचा म्हणा, सुधारित आवृत्त्या बसविण्यासाठी ठरवून टाकावा. आमच्याकडे चंद्रोदयाची वाट पाहताना हे काम होते.

आता दुसऱ्या पक्षाशी. यंत्र बसल्याचे कळताच एक स्नेही म्हणाले, ‘अहो, कुलूप कशाला? सगळ्यांना खुले करा की! भातखंड्यांनी काय केले? घराणेदारांच्या पेटीतल्या चिजा बाहेर काढून छापल्याच ना?’ युक्तिवाद मोठा, पण लागू पडत नाही. भातखंडे गावोगाव हिंडले, गवयांच्या पायांशी बसले, मिळालेल्या चिजा स्वरलिपीत उतरविल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत समाजाला दिल्या. त्या कष्टाला विद्यादान म्हणतात. मी विकत घेतलेली सीडी जगाला फुकट वाटणे याला दुसऱ्याच्या ताटातून दानधर्म म्हणतात.

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा याबाबतीत बराच समंजस आहे. त्याच्या बावन्नाव्या कलमात खाजगी वा वैयक्तिक उपयोगासाठी न्याय्य वापराची मुभा आहे. ती मुभा आपल्या घरापुरती आहे. चव्हाट्यावर मांडण्यासाठी नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षांनी संपतो, म्हणून अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या आज मोकळ्या आहेत. परंतु गीत आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. गदिमा १९७७ साली गेले; हिशेब ज्याने त्याने करावा. तेव्हा दाराचे कुलूप चोरासाठी जितके आहे तितकेच आपल्या स्वतःच्या सैल उदारपणासाठीही आहे.

कलावंतांचे काय, हा प्रश्न उरतो आणि तो योग्य आहे. माझे उत्तर असे की, वाचलेली वर्गणी खिशात घालू नका. कल्याण गायन समाजासारख्या आपल्या भागातल्या जुन्या संस्थेच्या मैफलीचे तिकीट काढा. गायक स्वतः ध्वनिमुद्रण विकत असेल तर त्याच्याकडून घ्या. नवे काय आले ते चाळण्यासाठी वर्गणी ठेवायची तर ठेवा. माझी ना नाही. हॉटेलात जेवू नये असे मी म्हणत नाही. घरची चूल मोडून हॉटेलात राहावयास जाऊ नये, एवढेच म्हणतो.

आणि शेवटचा आक्षेप सर्वांत खरा: तुमच्या घराला आग लागली तर? पूर आला तर? हा आक्षेप करणाऱ्याला मी नमस्कार करतो, कारण मालकीची जोखीम मालकालाच घ्यावी लागते. २००३ साली पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठाराला आग लागली आणि जुन्या बोलपटांची नायट्रेटची रिळे डोळ्यांदेखत राख झाली. ती तर सरकारी तिजोरी होती. २६ जुलै २००५ ला कल्याण परिसरात तळमजल्याच्या घरांत पाणी शिरले तेव्हा किती अल्बम आणि किती कॅसेटी चिखलात गेल्या त्याची मोजदाद कोणी केलेली नाही. यावर उपाय जुनाच आहे. तुकोबांचे अभंग इंद्रायणीत बुडविले तरी ते बुडाले नाहीत. श्रद्धाळू म्हणतात देवाने तारले, चिकित्सक म्हणतात लोकांच्या तोंडी होते म्हणून तरले. दोन्ही म्हणण्यांचा व्यावहारिक अर्थ एकच: प्रत एकापेक्षा जास्त ठिकाणी असावी. तीन प्रती, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक परगावी. आमची तिसरी प्रत पुण्याला बहिणीच्या कपाटात आहे. दिवाळीला आणि गणपतीला ती चकती फराळाच्या डब्याबरोबर येते, ताजी होते आणि परत जाते.

हे सगळे प्रत्येक घराला जमेल काय? प्रत्येकाला नाही, आणि जमण्याची गरजही नाही. एकेकाळी साऱ्या वाड्यात एकच रेडिओ असे. तसे प्रत्येक कुटुंबात, भाऊबंदांत, एक तरी पोर असे असते की, ज्याला या यंत्रांत गती आहे. त्याला दिवसभर फोनमध्ये डोके घालतो म्हणून आपण रागावतो. त्याला हे काम द्या. माझ्या पुतण्याने दोन रविवारांत केले. त्याची फी म्हणून त्याने एकतीस कॅसेटींपैकी एक मागितली. ओव्यांची.

आज बंगळूरला असलेली माझी मुलगी रात्री तान्ह्याला झोपविताना पणजीच्या ओव्या लावते. परवा तिचा फोन आला. म्हणाली, ‘बाबा, आजी मधेच विचारते ना, हे यंत्र चालू आहे का रे, तिथे बाळ हसतं.’ चौथ्या पिढीपर्यंत हा आवाज गेला तो कोणा कंपनीच्या कृपेने नव्हे. पत्र्याच्या पेटीतून घरच्या यंत्रावर आणि घरच्या यंत्रावरून घरच्याच किल्लीने गेला.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जुन्या कॅसेटींची पेटी निघाली तर ती भंगारवाल्याला घालू नका. आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत फितीला बुरशी धरते. आणखी दहा पावसाळे ती थांबेलच असे नाही. पेटी खाली काढा, पुसा, ऊन न लागेल अशा जागी ठेवा, आणि भाऊबिजेला घरचे सगळे जमतील तेव्हा त्यांच्यासमोर उघडा. कोणत्या कॅसेटीवर कोणाचा आवाज आहे हे सांगणारी माणसे अजून जेवायला बसताहेत, तोवरच तिच्यावर नावे लिहून घ्या.